शाळेचं पत्र आणि अप्पांची लाल शाई

आमच्या लेकीच्या शाळेचं न्यूजलेटर रविवारी संध्याकाळी पाचला येतं, म्हणजे व्हर्जिनियाच्या पाचला, म्हणजे कोल्हापुरात सोमवारी पहाटे अडीच. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडं घड्याळं तासभर पुढं करतात, त्यामुळं साडेदहा तासांचा फरक साडेनऊवर येतो आणि दरवर्षी आठवडाभर माझं गणित चुकत राहतं. यंदा स्प्रिंग ब्रेकचा एक आठवडा आणि त्याला जोडून शाळेची दांडी मारून आणखी एक, असं करून पाडव्याच्या आदल्या दिवशी आम्ही मंगळवार पेठेत पोचलो, आणि जेटलॅगमुळं पहाटे अडीचला टक्क जागी होतोच, तर मोबाईल वाजला.

(होय, "जागी होतो". कोल्हापुरात उतरलं की माझं "आले-गेले" आपोआप "आलो-गेलो" होतं, त्याला इलाज नाही. लेकीनं मागं एकदा विचारलंच होतं, मम्मा तू इथं आलीस की बॉय होतेस का.)

सकाळी चहाच्या वेळी अप्पांना सहज म्हटलं, शाळेचं पत्र आलंय, एप्रिल-मेमध्ये काय काय आहे ते. अप्पा म्हणजे नगरपालिकेच्या, मग महानगरपालिकेच्या शाळांत मिळून सदतीस वर्षं काढलेले मास्तर, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापक. म्हणाले वाच. वाचायला लागलो तर दोन मिनिटांत म्हणाले, थांब, असं मोबाईलवर सरकवून कळत नाही, कागदावर आण. मग दादा बिंदू चौकात गेला आणि झेरॉक्सवाल्याकडून चार पानांची रंगीत प्रिंट काढून आणली. फुलपाखरं, ट्यूलिप, मधे मधे ससे. अप्पांनी चष्मा लावला, खिशातलं लाल पेन काढलं आणि पुढारीच्या आधी ते वाचायला घेतलं. इंग्रजी त्यांना वाचता येतं, फक्त सावकाश, आणि प्रत्येक ओळीला एक प्रश्न.

पहिली खूण किंडरगार्टन रजिस्ट्रेशनवर. तिकडं मे-जूनमध्ये शाळा संपते आणि पुढच्या वर्षाच्या बालवर्गाची, म्हणजे आपल्या सिनियर केजीची नावनोंदणी वसंतात चालू होते. जन्मदाखला, लसीकरणाचा कागद, डॉक्टरची तपासणी आणि घराचा पत्ता सिद्ध करायला लाईट बिल किंवा भाडेकरार, कारण सरकारी शाळा तुमच्या पत्त्यावरून ठरते, आवडीवरून नाही. अप्पा एकदम खुश झाले. म्हणाले हे तर आपलं "गुढीपाडवा, पट वाढवा" आहे की! ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी, आपल्याकडच्या मराठी शाळांचे शिक्षक पाडव्याच्या सुमाराला घरोघरी जाऊन पहिलीची नावं घेतात ती मोहीम. अप्पांच्या चपला त्यात दर उन्हाळ्यात झिजलेल्या मी बघितल्यात. कुणाचं पोरगं वीटभट्टीवर, कुणी गुऱ्हाळावर, कुणी म्हणायचं पुढच्या वर्षी बघू गुरुजी.

पण त्यातली एक ओळ आमच्या घरात दुखरी आहे. व्हर्जिनियात ३० सप्टेंबरपर्यंत पाच पूर्ण झाली पाहिजेत. धाकट्याचा वाढदिवस ४ ऑक्टोबर. चार दिवसांसाठी अख्खं वर्ष घरी, आणि तिकडच्या प्री-स्कूलची फी मी इथं लिहीत नाही, वाचणाऱ्याला उगाच घेरी यायची. हे सांगितलं तर अप्पा शांतपणे म्हणाले,

"मग एक जून टाकायची."

आपल्या पिढीच्या आधीचं अर्धं कोल्हापूर १ जूनला जन्मलंय ते काही उगाच नाही. घरच्यांना तारीख आठवत नसायची, गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे, लागला कान की झालं वय, लिहा १ जून. अप्पांनी धाकट्याला बोलावून प्रयोग पण केला. हात पोचला! अप्पा म्हणाले बघ, तयार आहे पोरगं, तुमच्या त्या बाईंना कळव.

दुसरी खूण टेस्टिंगवर. तिकडं तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची राज्याची परीक्षा घ्यावीच लागते, केंद्राचा कायदा आहे तसा, आणि आमच्या राज्यात तिला एसओएल म्हणतात. थोरली यंदा तिसरीत, म्हणजे पहिलंच वर्ष. पत्रात लिहिलेलं की त्या आठवड्यात मुलांना लवकर झोपवा, नाश्ता द्या, डॉक्टरच्या अपॉइंटमेंट घेऊ नका, आणि टेन्शन देऊ नका. शेजारी आमचा पुतण्या चौथीचा अभ्यास करत बसलेला, त्याची वार्षिक एप्रिलमध्येच. वहिनी त्याला ओरडत होती की पाढे म्हण, तेरा सत्ते किती. त्यानं थोरलीला विचारलं तुला टेन्शन आहे का, ती म्हणाली टीचर म्हणाल्या टेन्शन घ्यायचं नाही. तो म्हणाला नाद खुळा, मला पण त्या शाळेत घाला.

आता त्या पत्रातलं जे मला खरंच छळतं ते. त्या चार पानांत मुलांसाठी जेमतेम पाऊण पान असेल, बाकी सगळं पालकांसाठी. बुक फेअरच्या काउंटरवर दोन तास उभं राहायला कोण येणार. फील्ड ट्रिपला बसमधून मुलांबरोबर कोण जाणार, आणि जाणार असाल तर आधी बॅकग्राउंड चेकचा फॉर्म भरा, त्याला वेळ लागतो. फील्ड डेला, म्हणजे आपल्या क्रीडा दिनाला, पाण्याच्या फुग्यांच्या स्टेशनवर कोण. लॉस्ट अँड फाउंडमध्ये जॅकेटांचा ढीग झालाय, शुक्रवारपर्यंत न्या, नाहीतर दान करून टाकणार. मे महिन्याच्या पहिल्या पूर्ण आठवड्यात टीचर अॅप्रिसिएशन वीक, सोमवारी फूल, मंगळवारी मुलानं हातानं लिहिलेली चिठ्ठी, बुधवारी आणखी काहीतरी, आणि शिक्षकांच्या जेवणासाठी पालकांनी काय काय आणायचं याची ऑनलाईन यादी.

माझ्या लहानपणी माझे वडील माझ्याच शाळेत मास्तर असूनसुद्धा पालक म्हणून आई शाळेत वर्षातून दोनदा आली असेल, एकदा गॅदरिंगला आणि एकदा प्रगतीपुस्तकावर सही करायला, ती पण बोलावलं म्हणून. शाळा एकीकडं, घर एकीकडं. मी तिकडं गेलो तेव्हा मला वाटायचं ह्या लोकांना काही कामंधंदे नाहीत का, मीच नोकरी करायची, मीच कपकेक आणायचे. आता चार वर्षांनी चीड कमी झालीय असं नाही, पण सवय झालीय.

त्या ऑनलाईन यादीचं एक शास्त्र आहे. लिंक उघडली की पहिल्या दहा मिनिटांत पेपर प्लेट आणि नॅपकिन उडतात, कारण ते सगळ्यात स्वस्त आणि करायला काही लागत नाही. मग ज्यूस. मग चिप्स. जो झोपला त्याच्या वाट्याला फळं कापून आणणं. यंदा लिंक सकाळी आठला उघडणार होती, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला, आणि मी त्या वेळी महाद्वार रोडवर आईबरोबर साडीच्या दुकानात गादीवर बसलेलो. दुकानदार पैठणी उलगडतोय, आई काठ बघतीय, आणि मी मोबाईल वर धरून रेंज शोधतोय. पान उघडता उघडता पाच पस्तीस झाले. प्लेट गेलेल्या. नॅपकिन गेलेले. आई म्हणाली काय झालं, मी म्हटलं पत्रावळ्या गेल्या. दुकानदार म्हणाला ताई, पत्रावळ्या पाहिजेत तर इथंच मागच्या बोळात मिळतील की, किती पाहिजेत?

कलिंगड कापून न्यायचं माझ्या नावावर पडलं. तीस जणांचं.

पत्रात खाण्याबद्दल एक चौकट होती, वर्गात शेंगदाणा आणि सुकामेवा असलेलं काहीही पाठवू नका. त्यावर अप्पांनी नुसती खूण केली नाही, प्रश्नचिन्ह काढलं. शेंगदाण्यानं पोराला काय होतंय? मग त्यांना समजावलं की काही मुलांना खरंच जिवावर बेततं, घसा सुजतो, श्वास अडकतो, थोरलीच्याच वर्गात एक मुलगा आहे, त्याचं इंजेक्शन कायम शाळेच्या नर्सकडं ठेवलेलं असतं. हे ऐकल्यावर अप्पांनी प्रश्नचिन्ह खोडलं आणि त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. आई मात्र स्वयंपाकघरातून म्हणाली, मग कोशिंबिरीत काय घालतीस गं, आणि तिथून दाण्याच्या कुटाशिवाय संसार कसा होतो ही चर्चा चालू झाली ती जेवणापर्यंत.

आणि मग स्पिरिट वीक. आठवडाभर रोज वेगळा वेश. एक दिवस विचित्र मोजे, एक दिवस मैत्रिणीबरोबर सेम कपडे, एक दिवस पायजमा डे, म्हणजे रात्रीच्या कपड्यांवर शाळेत. गेल्या वर्षी मी पत्र घाईत वाचलं आणि शुक्रवारचा पायजमा डे गुरुवारी केला. लेक युनिकॉर्नचा पायजमा, हातात टेडी, केस न विंचरता, आनंदात कारमधून उतरली आणि आत चालत गेली, आणि मला समोरून येणारी सगळी पोरं दिसली. जीन्समध्ये. मागं गाड्यांची रांग, थांबता येत नाही, हात करणारे मामा पुढं चला म्हणतायत. दिवसभर ऑफिसात माझं लक्ष नव्हतं. संध्याकाळी ती काही बोलली नाही, फक्त झोपताना म्हणाली, मम्मा, ईमेल नीट वाचत जा ना. अजून आठवलं की पोटात खड्डा पडतो.

अप्पांना मी हे सांगितलं नव्हतं. तिनंच सांगितलं. ते हसले नाहीत, म्हणाले वाचन कच्चं आहे तुझ्या आईचं, तिसरीपासूनच.

शेवटच्या पानावर हजेरी होती आणि तिथंच मी अडकलो, कारण हे वाचत होतो तेव्हाच आमची पोरगी पुढच्या आठवड्यात गैरहजर असणार होती. शाळेचे दिवस वर्षाला १८०, त्यातले दहा टक्के म्हणजे १८ बुडले की मूल "क्रॉनिकली अॅबसेंट" मध्ये धरतात, मग कारण कुठलंही असो. सलग १५ दिवस आलं नाही तर पटावरून नावच कमी होतं, परत आल्यावर पुन्हा प्रवेश. आणि फिरायला म्हणून घेतलेली रजा माफ नसते, तसे पाच दिवस भरले की शाळा पालकांना बोलावून हजेरीचा प्लॅन करायला बसते. मी आधी फॉर्म भरला होता. कारण निवडायला यादी होती, आजारपण, घरात मयत, धार्मिक सण, इतर. धार्मिक सणावर टिक केलं आणि पाडवा लिहिलं. तिकडून उत्तर आलं की एक दिवस मान्य आहे, बाकीचे चार नाहीत.

अप्पांना वाटलं होतं तसा राग आला नाही, उलट ते सरसावून बसले. म्हणाले बरोबर आहे त्यांचं. आपल्याकडं शाहू महाराजांनी १९१७ सालीच प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया म्हणजे काय असेल विचार कर. दंड कुणाला? पोराला नाही, आईबापाला. आणि हे माझ्याकडं बघून. मी म्हटलं अप्पा, पण तुम्हालाच भेटायला आलोय ना. ते म्हणाले ते खरं, पण हजेरीपटाला आजा-आजी कळत नाहीत.

मग आत गेले, शर्टाच्या खिशातून एक रुपयाचं नाणं काढून आणलं आणि थोरलीच्या हातात दिलं. तुझ्या बाईंना दे, म्हणाव आजोबांनी दंड भरलाय. तिनं गंभीरपणे घेतलं आणि दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात ती पुतण्याबरोबर त्याची शाळा सुटायच्या वेळी फाटकापर्यंत जायची, खासबागेत भेळ खाऊन यायची, आणि घरी बाईंनी दिलेल्या डायरीत इंग्रजीत लिहायची की आज मी गुढी बघितली, आज मी मिसळीचा कट पिऊन रडले. लाल पेनानं अप्पा स्पेलिंग तपासायचे.

परत आलो त्याला आता दहा दिवस झाले. इथं पाईनचा पिवळा पराग उडतोय, गाडीवर बोटानं नाव लिहिता येईल एवढा थर, सगळ्यांचे डोळे लाल. लॉस्ट अँड फाउंडमधलं आमचं जॅकेट दान झालेलं आहे. कलिंगड मेमध्ये कापून न्यायचंय. पुढच्या मंगळवारी बाईंबरोबर पंधरा मिनिटांची मीटिंग आहे, सकाळी सात दहाला, कारण चांगल्या वेळा साडीच्या दुकानात गेल्या.

काल दप्तर आवरताना रुपया अजून कप्प्यातच दिसला. विचारलं दिला नाहीस का, तर म्हणाली दिला होता, टीचरनी राजांची सगळी गोष्ट ऐकली आणि म्हणाल्या हा शुक्रवारी शो अँड टेलला आण, सगळ्या वर्गाला सांग. शुक्रवारी पायजमा डे पण आहे. मी तीनदा वाचलंय. अप्पांना पण फोटो पाठवलाय पत्राचा, त्यांनी शुक्रवारवर लाल गोल करून परत पाठवला.