मेंदूची आकृती रंगवताना: आधी खाचा, मग रंग

पहिल्या वर्षाला मेंदूची आकृती रंगवायला घेतली की बहुतेक जण थेट फ्रंटल लोबला, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाला, हात घालतात आणि हा लोब संपतो कुठे, तिथेच अडकतात. रंग जरा बाजूला ठेवा. बाहेरून दिसणाऱ्या बाजूच्या चित्रात शिसपेन्सिलीने फक्त दोन खाचा ठळक करा. लॅटरल सल्कस (सल्कस म्हणजे खाच) खोल आणि लांब, लगेच सापडतो. सेंट्रल सल्कस मात्र चकवतो. तो वरच्या कडेच्या मध्याच्या किंचित मागून निघतो, तिरका खाली-पुढे उतरतो आणि लॅटरल सल्कसला टेकण्याआधी बहुधा थांबतो. त्याच्या पुढे-मागे दोन समांतर घड्या दिसल्या, की खाच बरोबर पकडली. पुढची प्रीसेंट्रल, हालचालींची. मागची पोस्टसेंट्रल, स्पर्शाची. दोघींना आपापल्या लोबचाच रंग द्या, पण दाबून, गडद.

पराइटल (सेंट्रल सल्कसच्या मागचा लोब) आणि ऑक्सिपिटल (सगळ्यात मागचा लोब) यांच्यामध्ये या बाजूने धड खाच नाही. वरच्या कडेवरच्या पराएटो-ऑक्सिपिटल खाचेपासून खालच्या प्रीऑक्सिपिटल नॉचपर्यंत तुटक रेघ ओढा. ही सीमा मानलेली आहे, म्हणून ती तुटकच राहू द्या.

मधोमध घेतलेल्या छेदात लोबचे रंग तेच हवेत. इथे रंगसंगती बदलली, की दोन चित्रं डोक्यात जुळतच नाहीत. कॉर्पस कॅलोसम, म्हणजे मेंदूचे दोन अर्धे जोडणारा पट्टा, कोराच ठेवा, तो श्वेतद्रव्याचा (चेतातंतूंचा). निळा रंग फक्त पाण्याच्या, म्हणजे मेंदूतल्या द्रवाच्या, वाटांना: मिडब्रेनमधून जाणारी बारीक ॲक्विडक्ट आणि तिच्याखाली, पॉन्स आणि सेरेबेलम (लहान मेंदू) यांच्यामधला चौथा व्हेंट्रिकल, म्हणजे द्रवाची पोकळी. तो आधी भरा, नाहीतर सेरेबेलम रंगवण्याच्या भरात हमखास गिळला जातो. हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी जोडलेला भाग) या छेदात शोधत बसू नका. तो टेम्पोरल लोबच्या (लॅटरल सल्कसच्या खालच्या लोबच्या) आत, मध्यरेषेपासून दूर असतो.

बारा पेन्सिल कलर पुरतात. स्केचपेन झेरॉक्सच्या कागदावर फुटतो आणि खालची नावं जातात. ए-फोर कागदावर एकच आकृती घ्या. दोन कोंबल्या, तर ॲक्विडक्टला पेन्सिलचं टोकच मावत नाही. प्रत्येक भाग भरताना नाव मोठ्याने म्हणा आणि दुसऱ्या दिवशी नावं नसलेल्या प्रतीवर नमुना न बघता रंगवा. जिथे हात थांबेल, तेवढंच पुन्हा वाचायचं.

कोरोनल छेद (एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जाणारा उभा छेद) सगळ्यात शेवटी. त्यात कॉडेट आणि पुटामेन या आत खोलवरच्या दोन भागांना एकच रंग द्या, कारण दोन्ही मिळून स्ट्रायटम होतो. त्यांच्या शेजारचा ग्लोबस पॅलिडस वेगळा, इंटर्नल कॅप्सूल कोरी, कारण तीही श्वेतद्रव्याची.