ज्यांचा बेंदूर नसतो

रविवार, रात्री

आजचा दिवस तासगावच्या बाजूला, सोडवून आणलेल्या जनावरांच्या त्या ठिकाणी गेला. जागेचं नाव वहीतसुद्धा लिहीत नाही, कारण चालवणाऱ्या ताईंनी तशी विनंतीच केली आहे. नाव चार जणांत फिरलं की रात्रीतून कुणीतरी फाटकाला जनावर बांधून निघून जातं. आहेत त्यांच्याच वैरणीची ओढाताण, आणि बांधलेल्या मुक्या जिवाला परत पाठवणं त्यांना जमत नाही.

दोन एकर रान, एक बोअर, पत्र्याचे गोठे, कडेला जाळीचं खुराडं. बैल बहुतेक सगळे खिल्लार, आणि बहुतेक सगळे ऊसवाहतुकीतून आलेले. लांबून बघितलं तर देखणे दिसतात. तीच पांढरी अंगकांती, मागे वळलेली लांब शिंगं. जवळ गेलं की खांदा दिसतो. जू जिथं टेकतं तिथं हात ठेवला तर कातडी हाताला लागतच नाही, नुसता घट्टा लागतो. एकाचा खांदा अजून सुजलेला होता. तिथं जनावरांची देखभाल करणाऱ्या मावशी रोज शेकतात, मलम लावतात, तरी महिन्याभरात फरक थोडाच पडला आहे.

मावशींनी मला गाडीचं गणित समजावून सांगितलं. भार पुढं जास्त झाला तर गाडी धुरजड होते, सगळं वजन मानेवर येतं. मागं जास्त झाला तर उलार होते, जू वर उचलतं आणि गळ्याखालचा पट्टा आवळतो. दोन बैल उंचीला कमीजास्त असले तर एकाच्याच खांद्यावर बोजा पडतो. त्यात डांबरी रस्त्यावर खुराला ठोकलेली पत्री झिजलेली असली की पाय घसरतो आणि गुडघे फुटतात. हे सगळं लहानपणापासून माझ्या डोळ्यांसमोरच होतं. दर हंगामात आमच्या घरावरून पहाटे त्या गाड्या जातात. पण खांदा हाताने चाचपून पाहणं वेगळं. आता ती गाडी दिसली की तिचा भार नेमका कुठं आहे तिकडे माझं लक्ष जाणार.

एक नवा बैल आहे, दिवाळीनंतर आलेला. पहाटे तीनच्या सुमाराला तो आपोआप उठून उभा राहतो. कुणी जुंपायला येत नाही, तरी उजाडेपर्यंत तसाच ताटकळतो, मग बसतो. दुपारी गोठ्याची दुरुस्ती चालली होती. एका पोरानं लांब बांबू आडवा उचलला, तर हा वैरण सोडून आला आणि त्या बांबूखाली मान घालून उभा राहिला. पोरगं बांबू तसाच धरून थांबलं. काय करावं ते आम्हा कुणालाच सुचेना. मावशी पुढं झाल्या, त्याच्या कपाळावर हात फिरवत म्हणाल्या, "न्हाई रे बाबा, आता न्हाई." आणि त्याला हळूच मागं घेतलं.

तो बांबू डोळ्यांसमोरून जात नाही. त्याच्या अंगात हे मुरवायला किती वर्षं लागली असतील, आणि विरायला किती लागतील?

दुसरी एक जोडी आहे, दोघंही थकलेली. एकाच जुवाला सगळं आयुष्य गेलं. आता मोकळ्या रानात सोडली आहेत तरी डावीकडचा डावीकडेच उभा राहतो आणि उजवीकडचा उजवीकडे. चरताना अंतर पडलं की एक थांबतो, दुसरा आला की पुढं निघतो. त्यात मात्र मला दुःख दिसलं नाही. ती त्यांची सोबत आहे, आणि ती त्यांच्याकडेच राहिली याचं बरं वाटलं.

सोमवार

काल दमून अर्धवट लिहिलं होतं. राहिलेलं आज.

गाडीवानाबद्दल लिहायचं होतं, कारण काल तिथं आलेल्या एका पाहुण्याने "ही माणसं निर्दयी असतात" असं म्हटलं आणि ते मला खूप लागलं. बीडकडून ऊसतोडीला येणारी नवरा-बायकोची जोडी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन येते. बैल घेतलेले असतात तेही पुष्कळदा त्याच उचलीतून. बैल बसला तर हंगाम बसतो आणि उचल फिटत नाही. थंडीत पाचटाच्या कोपीत निजलेलं त्यांचं लेकरू पाहिलं आहे मी. बैलाच्या खांद्यावर जे जू आहे त्याचं दुसरं टोक या माणसांच्या खांद्यावर आहे. बैलाची कणव करताना या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मला मान्य नाही.

कायदा आहे. १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली ओझं वाहणाऱ्या आणि ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, पारा ३७ अंशांवर जात असेल तिथं दुपारी बारा ते तीन जनावर जुंपायचं नाही. आपल्याकडे फेब्रुवारी सरला की पारा तिथवर जातो आणि हंगाम तर तेव्हा चालूच असतो. कारखान्याच्या अड्ड्यावर वजनकाट्याच्या रांगेत गाड्या तासन्‌तास उभ्या असतात. ती रांग नऊ तासांत धरायची की नाही, हे कुणी विचारत नाही. बैल मात्र जुवाखालीच असतो.

काम करणारे लोक नाहीत असंही नाही. सांगली-सोलापूर पट्ट्यात २००३ पासून ॲनिमल राहत ही संस्था आहे. खांद्यांवर, खुरांवर उपचार करणं, नाकातल्या वेसणीऐवजी तोंडावरची म्होरकी वापरायला गाडीवानांना शिकवणं, थकलेले बैल कामातून काढून घेऊन शेवटपर्यंत सांभाळणं, बैलांच्या जागी ट्रॅक्टर यावा म्हणून कारखान्यांशी बोलणं, हे सगळं ते करतात. माझ्या मते शेवटचं काम सगळ्यात मोठं आहे. जखम बरी करणं चांगलंच, पण जखम करणारा बोजाच गेला तर त्याहून चांगलं. मात्र ट्रॅक्टर आल्यावर ज्याची बैलगाडी बंद होते त्या माणसाच्या हाताला काय, हा प्रश्न त्याच बैठकीत सोडवला पाहिजे, पुढच्या नाही.

आणि थकलेल्या बैलाचं काय? गायीची कत्तल राज्यात १९७६ च्या कायद्यानेच बंद होती, २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. मारायचं नाही, हे मला मनापासून पटतं. पण मारायचं नाही म्हटल्यावर त्याला रोज वैरण-पाणी कुणी घालायचं, हे शेतकऱ्यावरच सोडलं. उन्हाळ्यात कडबा महागला की दोन एकरांचा धनी तरी काय करेल? मग फाटकाला रात्री दावं बांधलं जातं. ताईंना त्या माणसांचा राग येत नाही. त्या म्हणाल्या, कुणी कुणी फाटकाशी पेंडीची पिशवीही ठेवून जातं.

मंगळवार, पहाटे

झोप लागली नाही. बैलांबद्दल इतकं लिहिलं, पण मला खरं अस्वस्थ केलं ते खुराड्याने आणि रेडकाने.

रेडकू तबेल्यातून आलेलं. नर. दुधाच्या धंद्यात त्याला जागा नाही. ते जितकं पितं तितकं दूध कमी होतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी त्याला पान्हा फुटेपर्यंत आईला लावतात आणि मग ओढून बाजूला बांधतात. पुरेसं न मिळाल्यानं ते खंगत जातं. हे आणलं तेव्हा उभं राहत नव्हतं, असं मावशी सांगत होत्या. आता चांगलं सुधारलं आहे. माझ्या ओढणीचं टोक तोंडात धरून ते माझ्यामागे सगळं रान फिरलं.

कोंबड्या दोन प्रकारच्या. अंड्यांच्या, पिंजऱ्यातून निघालेल्या. आणि मांसाच्या, वाहतुकीत गाडीतून पडलेल्या. पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला वहीच्या मोठ्या पानाएवढीसुद्धा जागा येत नाही. रानकोंबडी वर्षाकाठी दहा-पंधरा अंडी घालते, ही तीनशेच्या आसपास. तेवढ्या कवचांचा चुना अंगातून जातो आणि हाडं ठिसूळ होतात. म्हणून इथं त्यांची अंडी फोडून, कवचासकट, त्यांनाच परत खायला घालतात. मांसाच्या कोंबडीचं तर शरीरच तिच्याविरुद्ध घडवलेलं आहे. सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर वजन, आणि पाय अजून पिल्लाचे. त्यांना इथं खाणं मोजून द्यावं लागतं, नाहीतर स्वतःच्या वजनानेच त्या बसतात, किंवा काळीज थांबतं. वाचवून आणलं तरी त्या फार जगत नाहीत, हे ताईंनी काही न लपवता सांगितलं.

पण मी पाहिलं ते असं. जन्मभर तारेवर उभी राहिलेली एक कोंबडी, पिसं झडलेली, चोच कापलेली. तिला मऊ मातीच्या खड्ड्याजवळ सोडलं. माती तिने आयुष्यात पाहिली नव्हती. थोडा वेळ ती एकाच जागी उभी राहिली, मग बसली, कूस वळवली आणि पंखांनी माती अंगावर उडवायला लागली. कुणी शिकवलं होतं? ते तिच्यात होतंच, सगळा वेळ, त्या तारेवरसुद्धा. आणि आपण ते तिला एकदाही करू दिलं नव्हतं.

बैलाचा बेंदूर असतो. आदल्या दिवशी खांदेमळणी होते. हळद आणि लोणी लावून खांदे मळतात, दुसऱ्या दिवशी झूल, गोंडे, पुरणपोळी. मी त्या सणाला मनापासून मानते. आमच्या घरी आबा बैलांच्या पाया पडायचे आणि त्या दिवशी जू घरात दिसू द्यायचे नाहीत. ती कृतज्ञता खरी होती. पण रेडकाने आपल्यासाठी काय केलं? काहीच नाही. कोंबडीने नांगर ओढला नाही. त्यांचा सण नाही, त्यांच्या नावाने पोळी नाही. ज्याने राबून दिलं त्याचे उपकार मानता येतात. ज्याने काही दिलं नाही, किंवा ज्याच्याकडून आपण सगळंच घेतलं आणि त्याला घेणं म्हणतही नाही, त्याच्याशी कसं वागायचं? त्या दोन एकरांत हा हिशेबच ठेवलेला नाही. बैलाला जशी वैरण मिळते तसं रेडकाला दूध आणि कोंबडीला माती. कुणी काय कमावून आणलं हे विचारलं जात नाही.

पैठणची गोष्ट आठवत राहिली. ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदवले, हे आपण सगळेच सांगतो. पण त्याआधीचा भाग मला आज जास्त जवळचा वाटतो. रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले. वेद म्हणण्याआधीच, रेडा काहीच बोलला नव्हता तेव्हाच, त्याचं दुःख त्यांना लागलं होतं. जुन्नरकडे आळ्याला त्या रेड्याची समाधी आहे, लोक तिथं हात जोडतात. तबेल्यातल्या दाव्याशी असलेला रेडा त्याच जातीचा आहे.

गुरुवार

आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "बैलाचं कळतं गं मला. पण कोंबडीचं ऋण कसलं?" मी म्हटलं, ऋण नाहीच, म्हणून तर. तिला पटलं नाही. घरात अंडी यायची बंद व्हावीत असं मला वाटतं. बाबांच्या डब्याचं काय, असं तिला वाटतं. भांडण नाही झालं. मी माझ्यापुरतं बंद केलं आहे आणि दूध कुठून येतं ते बघायला जायचं ठरवलं आहे. तबेल्यात रेडकं दिसली नाहीत तर ती कुठं गेली, हे मी विचारणार आहे.

भावाने मात्र लगेच मनावर घेतलं. आपल्या ऊसाची तोड आली आहे, तर वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकण्याऐवजी थोडं तिकडे पाठवू म्हणाला. टेम्पोचं भाडं निम्मं-निम्मं.

ताईंचा आत्ताच फोन आला होता. त्या जोडीतला डावीकडचा बैल गेले काही दिवस मान कलती धरतो आहे, नाकपुडीतून रक्तही आलं. डॉक्टरांनी तपासलं, शिंगाचा कॅन्सर आहे. भूल देऊन शिंग मुळापासून काढावं लागणार. रविवारी सकाळी डॉक्टर येणार आहेत, आणि एवढं मोठं जनावर आडवं पाडून सांभाळायला माणसं कमी पडतात. मी, भाऊ आणि त्याचा मित्र असे तिघं जाणार आहोत. उजवीकडच्याला त्या वेळी समोरच, त्याला दिसेल असं बांधायचं, असं ताई म्हणाल्या. जुन्या साड्या आणि चादरी लागतील त्याही आईकडून काढून ठेवल्या आहेत.