तांबडी रेघ कुठे तुटते? जर्मनीतल्या ‘पासिवहाउस’ कारागिरांचं शिक्षण

जर्मनीत भाड्याचं घर घेतलं की पहिल्याच हिवाळ्यात एक सूचना कानावर पडते: दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडा आणि पाच-दहा मिनिटांनी लावून टाका. बाहेर उणे ५ असलं तरी. याला ‘श्टोसल्युफ्टन’ म्हणतात, आणि कित्येक भाडेकरारांत ही जबाबदारी चक्क लिहिलेली असते. कारण साधं आहे. नव्या किंवा नुकत्याच सुधारलेल्या घरांना फटी कमी. स्वयंपाक, अंघोळ, घरात वाळत घातलेले कपडे यांची वाफ आतच कोंडते आणि कपाटामागच्या थंड कोपऱ्यात काळी बुरशी धरते.

पासिवहाउस ही याच वाटेवरची पुढची मजल. इथे घर जवळजवळ हवाबंद करायचं आणि ताजी हवा यंत्राने आणायची. वोल्फगांग फाइस्ट आणि स्वीडनचे बो ॲडमसन यांनी मांडलेल्या या कल्पनेनुसार बांधलेल्या डार्मश्टाटमधल्या चार रो-हाउसांत १९९१ साली लोक राहायला आले. १९९६ साली फाइस्ट यांनी त्याच गावात संस्था काढली. निकष तीच ठरवते. मुख्य निकष असा की घर गरम ठेवायला वर्षाकाठी चौरस मीटरमागे १५ युनिटांहून जास्त उष्णता लागू नये. १०० चौरस मीटरच्या घराला वर्षाला १५०० युनिट, म्हणजे साधारण दीडशे लिटर तेलात असते तेवढी. त्याऐवजी दुसरा निकषही चालतो: कडाक्याच्या थंडीतही चौरस मीटरला १० वॅट पुरले पाहिजेत. २० चौरस मीटरच्या खोलीला २०० वॅट. शंभर वॅटच्या दोन जुन्या पिवळ्या दिव्यांची ऊब!

कागदावर हे आकडे वास्तुविशारद गाठतो. भिंतीत ते गाठायचे असतात गवंड्याने, सुताराने, गिलावा करणाऱ्याने, वीजवाल्याने आणि नळवाल्याने. म्हणून कारागिरांसाठी वेगळं प्रमाणपत्र आहे. त्यात दोन शाखा: एक घराच्या बाहेरच्या कवचाची, दुसरी आतल्या यंत्रणांची. परीक्षा द्यावी लागते आणि प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. इथे येणारा सुतार आधीच तीन वर्षांची उमेदवारी संपवून ‘गेझेले’, म्हणजे पक्का कारागीर, झालेला असतो. त्याला करवत कशी धरायची हे कुणी शिकवत नाही. शिकवायचं असतं ते हे, की आपलं काम जिथे संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं त्या सांध्यावर काय होतं. आमच्या मते खरा अभ्यासक्रम एवढाच. बाकीचं पुस्तक वाचूनही कळतं.

सुरुवात तांबड्या पेन्सिलीने होते. घराचा उभा छेद समोर ठेवायचा आणि हवा अडवणारा थर कुठून जातो ते पेन्सिल न उचलता एका रेघेत काढायचं. जमिनीपासून निघून भिंत, खिडकी, छप्पर, पुन्हा भिंत असं करत रेघ स्वतःला येऊन मिळाली पाहिजे. पहिल्या प्रयत्नात ती बहुधा अडते: वळचणीशी, खिडकीच्या चौकटीशी, तळघराच्या जिन्यापाशी. मग प्रत्येक अडलेल्या जागी तीन गोष्टी लिहायच्या. तिथे कोणतं साहित्य येणार, ते कोण लावणार, आणि कोणत्या कामाच्या आधी. घोटाळे बहुतेक या तिसऱ्या रकान्यात होतात.

विटांच्या घराचं पाहा. वीट हवा अडवत नाही. अडवतो तो आतला गिलावा. तो कोब्याच्या वर थांबला तर खालची दोन-चार बोटं भिंत उघडी राहते आणि विटांच्या पोकळ्यांतून वारा थेट खोलीत येतो. म्हणून गिलावा खालच्या स्लॅबपर्यंत न्यायचा, मगच कोबा. बाथटबच्या मागे, पाइपांच्या डक्टमध्ये, भिंतीला टेकणाऱ्या जिन्याच्या बाजूला गिलावा आधी, वस्तू नंतर. ‘तिथे कोण बघणार’ म्हणून सोडलेला चौरस फूट नंतर कधीच भरता येत नाही, कारण समोर टब उभा असतो. स्विचच्या डब्यांचंही तसंच: भोकात भरपूर ओलं जिप्सम भरून त्यात डबा दाबायचा, म्हणजे मागची पोकळी बंद होते. नुसते दोन ठिपके लावून बसवलेला डबा फुंकणीसारखा वारा सोडतो.

लाकडी घरात हवा अडवायचं काम आतल्या बाजूचं पटल, म्हणजे पातळ पडदा, किंवा चिकटपट्टीने सांधे जोडलेले लाकडी फलक करतात. पटलाचे पदर १० सेंटिमीटर एकमेकांवर घ्यायचे. धूळ पुसायची, काँक्रीट किंवा खरबरीत लाकूड असेल तर आधी प्रायमर मारायचा. पट्टी न ताणता ठेवायची, कारण ताणलेली पट्टी आखडते आणि सुटते. मग रुळाने दाबायची. नुसता तळहात फिरवून ती पुरती धरत नाही. भिंतीला मिळतं तिथे पटलाला थोडी सैल घडी द्यायची, कारण लाकूड हलतं. केबलसाठी रबरी बूच, आणि एका बुचातून एकच केबल. पाच केबलींचा जुडगा गुंडाळला तर मधली फट कुठल्याच पट्टीने बुजत नाही. आणि फटीत फुगून घट्ट होणारा फेस फवारून ‘झालं हवाबंद’ म्हणणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवू नये. फेस उष्णता अडवतो, पण काही हिवाळे गेले की तो कडेने सुटतो.

हा कटकटीचा आग्रह बिलापेक्षा भिंत वाचवण्यासाठी जास्त असतो. खोलीतली दमट हवा फटीतून भिंतीच्या थंड भागात शिरली की तिथे पाणी धरतं. वाफ पटलाच्या अंगातून झिरपते त्याच्या शेकडोपट पाणी अशा फटीतून आत जाऊ शकतं. लाकडी तुळई कुजते ती इथे, आणि बाहेरून काही दिसत नाही.

उष्णतारोधक थराचं गणित मराठी वाचकाला लगेच पटेल. भिंतीतून किती उष्णता निसटते ते यू-अंक सांगतो; तो जितका लहान तितकी भिंत चांगली. मध्य युरोपात तो ०.१५ च्या आसपास लागतो. खनिज लोकरीचा उष्णतावहनाचा अंक ०.०३५ धरला, तर ०.०३५ भागिले ०.१५ म्हणजे २३ सेंटिमीटर. आपली नऊ इंची भिंत! तेवढीच जाडी, पण सगळी लोकरीची. आपल्या गिलावा केलेल्या नऊ इंची विटेच्या भिंतीचा यू-अंक २ च्या घरात असतो, म्हणजे तिच्यातून तेरापट उष्णता जाते.

बाहेरून थर्माकोलसारखे फलक चिकटवताना चारही कडांना सलग गोंदाची वळी आणि मध्ये ठिपके, निदान ४० टक्के पृष्ठभाग चिकटलेला, असा नियम आहे. घाईत नुसते ठिपके मारले तर फलकामागे खालून वर हवा खेळते आणि २३ सेंटिमीटरचा खर्च वाया जातो. दोन फलकांमधली फट सिमेंटने भरणं ही आणखी एक हमखास चूक, कारण त्या रेषेतून थंडी सरळ आत येते. तिथे त्याच साहित्याची पातळ पट्टी ठोकायची.

मग परीक्षा येते ती पंख्याची. एका दारात ताणलेलं कापड आणि त्यात पंखा, आत-बाहेरच्या हवेच्या दाबात ५० पास्कलचा फरक पडेल इतका जोर. एकदा हवा बाहेर ओढून, एकदा आत ढकलून मोजायचं आणि सरासरी काढायची. या दाबाला घरातली हवा तासाला ०.६ पेक्षा जास्त वेळा बदलता कामा नये. जर्मन कायदा यंत्राने हवा खेळवणाऱ्या नव्या घराला १.५ पर्यंत आणि बाकीच्यांना ३ पर्यंत मुभा देतो, यावरून कडकपणा कळेल.

घरात ३५० घनमीटर हवा असेल तर ०.६ म्हणजे तासाला २१० घनमीटर. अख्ख्या घराच्या फटी एकत्र केल्या तर जेमतेम १० सेंटिमीटर बाजूचा चौकोन. चार इंची पाइपाचं एकच तोंड बुजवायचं राहिलं तर तीन-चतुर्थांश मुभा तिथेच संपते. म्हणून पंखा लावण्याआधी मोऱ्यांच्या सापळ्यांत, म्हणजे पाइपाच्या पाणी धरणाऱ्या वळणांत, पाणी ओतायचं. नव्या घरात ते कोरडे असतात. पंखा शक्यतो बाल्कनीच्या दारात लावायचा, नाहीतर मुख्य दाराची गळती मोजलीच जात नाही. आणि घनफळ खोलीखोलीचं, भिंती वगळून मोजायचं. भिंतींसकट ४५० घनमीटर धरले तर २७० घनमीटर गळणारं घर कागदावर ०.६ दाखवून पास होतं. खरा आकडा ०.७७ असतो. ही लबाडी की चूक, ते ज्याचं त्याने ठरवावं.

चाचणी दोनदा व्हावी. पहिली महत्त्वाची: हवा अडवणारा थर पुरा झालेला, पण जिप्समचे फलक अजून न लागलेले, म्हणजे गळती हाताला सापडते आणि पट्टीने मिटते. ओल्या हाताची पालथी बाजू फटीपाशी धरली की वारा जाणवतो. धुराची नळी त्यानंतर. फक्त शेवटी चाचणी केली तर हातात नापासाचा आकडा येतो आणि उपाय रंगवलेल्या भिंतीमागे असतो.

यंत्रणा शिकणाऱ्यांचा वर्ग वेगळा. येणारी गार हवा जाणाऱ्या उबदार हवेकडून निदान ७५ टक्के उष्णता घेते, अशी यंत्राची अट. माणशी तासाला ३० घनमीटर ताजी हवा बैठकीत आणि झोपण्याच्या खोल्यांत सोडायची. स्वयंपाकघरातून ६०, न्हाणीघरातून ४०, संडासातून २० ओढायची. आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा यांत १० टक्क्यांहून जास्त फरक नको. खोलीतून खोलीत हवा जावी म्हणून दाराखाली सेंटिमीटरभर फट ठेवतात, आणि नंतर कुणी जाड गालिचा घालून ती बुजवतो. बांधकाम चालू असताना पाइपांची तोंडं बुचांनी बंद नसतील, तर सिमेंटची धूळ पुढची कित्येक वर्षं श्वासात येते. आवाज झोपण्याच्या खोलीत २५ डेसिबलच्या आत हवा. त्याहून वाढला की रहिवासी रात्री यंत्रच बंद करतात, आणि मग गोष्ट पुन्हा काळ्या बुरशीवर येते. आमटीच्या फोडणीची काळजी असणाऱ्यांसाठी: चुलीवरची चिमणी इथे बहुधा बाहेर न सोडता कोळशाच्या गाळणीतून हवा परत घरातच सोडते. तेलाचे कण अडतात, वाफ मात्र ओढायचं काम त्या ६० घनमीटरवरच येतं. तेव्हा झाकण ठेवावं.

हे ज्ञान जसंच्या तसं मुंबईला नेलं तर घात होईल. ‘आतून बाहेरपेक्षा जास्त घट्ट’ हा नियम थंड प्रदेशाचा, कारण तिथे वाफ आतून बाहेर जाते. एसी लावलेल्या मुंबईच्या खोलीत दमट हवा बाहेरून आत दाबते. वाफ अडवणारं पटल आतल्या अंगाला लावलं तर पाणी त्याच्यामागे साचेल. १५ या आकड्याचाही गोंधळ होतो. भारताच्या २०१८ च्या इको-निवास संहितेत घराच्या (छप्पर सोडून) कवचातून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा चौरस मीटरला १५ वॅट आहे. ती उष्णता आत येण्याच्या दराची मर्यादा, आणि पासिवहाउसचे १५ युनिट हा वर्षाचा हिशेब. दोन्ही जोडून तुलना करू नये.

तांबडी पेन्सिल मात्र तिकडेही चालते. स्प्लिट एसीच्या तांब्याच्या नळ्यांसाठी भिंतीला पाडलेलं ६ सेंटिमीटरचं भोक बघा. त्याचं क्षेत्रफळ २८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे वर सांगितलेल्या अख्ख्या घराच्या मुभेच्या पाव हिश्शाहून जास्त. ते पांढऱ्या सिमेंटच्या बोळ्याने कडेकडेने लिंपलेलं असतं आणि मध्ये नळ्यांभोवती मोकळं. सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीच्या रुळांचा हिशेब तर अजून धरलेलाच नाही.