बोर्रा गुहेतलं पाण्याचं काम
आज आंध्रात अराकूच्या वाटेवर बोर्रा गुहा पाहिली. आपल्याकडची लेणी म्हणजे बेसॉल्टात छिन्नीने खोदलेली. इथे चुनखडीत सगळं काम पाण्याचं. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवत खाली झिरपतं. गुहेत आलं की तो वायू निघून जातो, मागे राहतो कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडीतल्याच खनिजाचा, पातळ थर. छताला एक नळी लोंबत होती, बोरूएवढी, पोकळ, टोकाला थेंब. असे लवणस्तंभ वर्षाला साधारण ०.१ मिमी वाढतात! आणि शेजारी एक काका अशाच एका जाड स्तंभाला रेलून सेल्फी काढतायत. अहो, हाताचं तेल लागलं की तिथे नवा थर नीट बसत नाही! दिव्यांभोवतीचं हिरवं शेवाळ, तीही आपलीच कृपा.