किल्लारीचा भूकंप वाचायला निघताय? आधी हे वाचा

‘भूकंपाचं सगळं लातुरातच मिळेल’ असं जो तो सांगतो. खोटं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) अशा दोन्ही जिल्ह्यांतली गावं उद्ध्वस्त झाली, आणि कागदही तेव्हापासून दोन्हीकडे विखुरलेत. लातूर जिल्हा 1982 मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला, म्हणून किल्लारीची जुनी माहिती 1972 च्या उस्मानाबाद गॅझेटियरमध्ये शोधायची. उस्मानाबादकडचं भूकंपग्रस्त सास्तूर आज लोहारा तालुक्यात. 1991 च्या जनगणना पुस्तिकेत मात्र उमरग्याखाली बघा. भूकंपाआधी गावात किती घरं, किती माणसं, हे त्या पुस्तिकेतूनच घ्या.

प्रबंधांचंही तेच. 1994 मध्ये नांदेडचं विद्यापीठ वेगळं झालं. लातूर तिकडे गेलं, उस्मानाबाद संभाजीनगरकडेच राहिलं. निघण्यापूर्वी शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात बघा, एक चक्कर वाचेल. शोधताना ‘धाराशिव’ टाकून भागणार नाही, ‘उस्मानाबाद’ही टाका. किल्लारीचं इंग्रजी स्पेलिंगही ‘के’नंतर ‘एच’ घालून आणि न घालता, दोन्ही प्रकारे तपासा.

खरा घाम काढतात त्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली. 30 सप्टेंबरचा अंक मागू नका. धक्का बसला तेव्हा अंक छापून झाले होते. 1 ऑक्टोबरपासून सुरुवात करा. पण त्याच्याही आधी ऑक्टोबर 1992 ची फाइल काढायला लावा. किल्लारी परिसराला तेव्हाच धक्के बसत होते. ही फाइल न पाहता ‘कुणाला कल्पनाच नव्हती’ असं लिहिणारे फार झालेत.

फाइल हातात आली की पानं मोजा. एका ग्रंथालयात पहिल्या आठवड्यातली छायाचित्रांची पानं ब्लेडने कापून नेलेली, आणि नोंदवहीत फाइल ‘सुस्थितीत’! अशा वेळी दुसऱ्या आवृत्तीची फाइल मागा. कागद पिवळा पडून पापडासारखा मोडतो. पान कोपऱ्याला धरून उलटू नका, खाली तळवा घाला. शिवणीत गेलेला स्तंभ सपाट दाबला की कणाच तुटतो. पान तिरकं धरून खिडकीच्या उजेडात मोबाइलवर टिपा, आणि दर अंकाला आधी नाव-तारखेचा फोटो घ्या. नाहीतर घरी गेल्यावर कुठलं कात्रण कुठल्या दिवसाचं, काही कळत नाही.

मृतांचा आकडा कुठे 7,928, कुठे 9,748 दिसेल. एक निवडून मोकळे होऊ नका. कोणत्या कागदात, कोणत्या तारखेला, ते सोबत लिहा.

माणसं का मेली हे मात्र घरबसल्या समजतं. आयआयटी कानपूरच्या भूकंप अभियांत्रिकी माहिती केंद्राचं आणि जागतिक बँकेचं पुनर्वसनावरचं साहित्य फुकट आहे. त्यातलं तिथल्या घरांच्या भिंतीच्या छेदाचं चित्र नीट बघा: दोन्ही अंगांना दगड, मध्ये चिपा आणि माती, दोन्ही अंगं बांधणारा लांब दगड कुठेच नाही, आणि वर माळवदाच्या, म्हणजे सपाट धाब्याच्या छताच्या मातीचा बोजा. हे डोक्यात ठेवून गेलात तर फायलीतल्या ढिगाऱ्यांचे फोटो वाचता येतात.

पूर्ण पुनर्वसनाच्या यादीत 52 गावं होती. प्रत्येकाची जुनी जागा आणि नवी जागा वेगळी टिपा. नकाशे इथेच चुकतात.

झेरॉक्सला पानामागे 10 रुपये मागितले तर देऊ नका. सरकारी कार्यालयातली कागदपत्रं माहिती अधिकारात मागा: अर्जाला 10 रुपये, प्रतीला पानामागे 2. अर्जात गाव, तालुका, वर्ष आणि कागदाचा प्रकार लिहा. ‘भूकंपाची सर्व माहिती’ असं लिहिलंत तर अर्ज परत येऊ शकतो.