सोलर लावलं आणि संपत्तिकराच्या बिलात "टीन शेड" आलं – माझा अनुभव

सोलर बसवायला काही त्रास झाला नाही. पीएम सूर्यघर योजनेतून 3 किलोवॅट लावलं, 78,000 सबसिडी खात्यात आली, नेट मीटर लागला. त्रास झाला तो नंतर, संपत्तिकरात, जिथे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. गच्चीत कुरडया वाळवायच्या असतात, कपडे असतात, म्हणून पॅनल आठ फूट उंच लोखंडी स्ट्रक्चरवर घेतले. नगर निगमचा सर्वेवाला मुलगा वर चढलाच नाही, खालूनच बघून गेला, आणि नवीन बिलात दोन मजल्यांच्या वर 220 वर्गफूट टीन शेड, वापर व्यावसायिक!

आपल्याकडे कर वार्षिक भाडेमूल्यावर लागतो, म्हणजे झोनचा दर, वर्गफूट, छत आरसीसी की पत्र्याचं आणि वापर काय हे सगळं धरून. स्वतः राहत असलो तर 50 टक्के सूट. म्हणजे एरिया वाढला तो वाढला, वर त्या भागाची सूटही गेली.

निगमच्या खिडकीवर गेले तर तिथला बाबू म्हणे "मॅडम, ऊपर छत है तो शेड ही हुआ". मी म्हटलं भैया, भिंत एक नाही, दोन पॅनलच्या मधून पाऊस सरळ खाली पडतो, ते छत कसलं? तर म्हणे "बिजली बेचते हो ना, तो कमर्शियल". अंगाचा नुसता तिळपापड झाला! अहो दिवसाचे जास्तीचे युनिट ग्रिडमध्ये जातात आणि आम्ही ग्रिडमधून घेतलेल्यातून वजा होतात, बिलावर इम्पोर्ट एक्सपोर्ट दोन्ही छापलेलं असतं, यात दुकान कुठे आलं? दुसऱ्या वेळी विजेचं बिल घेऊन गेले तर साहेब मीटिंगला. तिसऱ्या वेळी माझा अर्जच सापडेना, आणि माझ्याजवळ आवक नंबर नव्हता. म्हणून सांगते, अर्जाच्या दोन कॉप्या न्या आणि आपल्या कॉपीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

शेजारचे काका म्हणाले लोक अदालतीत निपटव. पण तिथे सरचार्जमध्ये (थकबाकीवरच्या दंडात) सूट मिळते, खात्यातला चुकीचा एरिया तसाच राहतो आणि दरवर्षी त्याच्यावरच कर लागतो. त्यामुळे मी ऐकलं नाही आणि बरं केलं.

चौथ्या वेळी फोटो नेले. पॅनलखाली उभं राहून वर बघून काढलेला, ज्यात फटींतून आभाळ दिसतं, आणि चारही बाजूंचे, भिंत नाही हे दाखवायला. खिडकी सोडून थेट मोठ्या साहेबांकडे गेले. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि मौका मुआयना, म्हणजे जागेवर येऊन पाहणी, लिहून दिला. माणूस आला, टेप लावायच्या आधीच वर बघून म्हणाला, "ये तो शेड है ही नहीं". चार महिने गेले हो याच्यात!

आता नव्या रसीदेवर आरसीसी दोन मजले, स्वतःचा वापर, बस. मागच्या वर्षीची रसीदही जपून ठेवा, आमचा मूळ एरिया तिच्यामुळेच सिद्ध झाला. आणि कुणी पॅनलखाली खरंच पत्रा-भिंती करून खोली काढली तर ती मोजणारच, त्यावर भांडू नका.

व्हेंडर काम झाल्यावर तुम्हाला उभं करून जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो काढतो ना, तोही पुरावा म्हणून त्याच दिवशी व्हॉट्सॅपवर मागून घ्या. नंतर मागितला तर मला तीन आठवडे लागले.