आमची वाटचाल: पी५३च्या बाटलीसोबत टॉन्सिलची स्लाइड

नागपुरात धंतोली, रामदासपेठेतल्या पॅथॉलॉजी लॅबना अँटीबॉडी (स्लाइडवरच्या पेशींतले ठरावीक प्रथिन पकडून ते रंगवून दाखवायला लागणारे द्रावण) पुरवायला लागलो, तेव्हा बाटली २ ते ८ अंशांत पोहोचवणे एवढेच आमचे काम होते. मे महिन्यात पारा ४५ गाठतो, तेव्हा तेही सोपे नसते. शिवाय गोठलेला जेल पॅक बाटलीला थेट टेकला तर अँटीबॉडी गोठते, म्हणून मध्ये पुठ्ठा हवाच. पण पी५३ या प्रथिनाच्या अँटीबॉडीने आम्हाला शिकवले की थंड बाटली दिली म्हणजे काम झाले असे नाही.

डीएनएला इजा झाली की पेशीचे विभाजन थांबवणारे हे प्रथिन १९७९ मध्ये सापडले. निरोगी पेशीत एमडीएम२ हे दुसरे प्रथिन ते लगेच मोडीत काढते, त्यामुळे जेमतेम दिसते. जनुक बिघडून बदललेले प्रथिन बहुधा साठत जाते आणि स्लाइडवर गाठीतल्या पेशींची जवळपास सगळी केंद्रके गडद तपकिरी होतात. आम्ही देतो तो डीओ-७ क्लोन (अँटीबॉडीचा एक ठरावीक प्रकार) चांगले आणि बिघडलेले, दोन्ही प्रथिने पकडतो. म्हणून तुरळक, कमी-अधिक गडद केंद्रके दिसली तर ‘पॉझिटिव्ह’ लिहू नये. तो सामान्य नमुना आहे.

सगळ्यात जपून वाचावी लागते ती कोरी स्लाइड. काही बिघाडांत प्रथिन तयारच होत नाही आणि गाठ पूर्ण कोरी राहते. रंग फसला तरी ती तशीच दिसते. फरक कळतो शेजारच्या निरोगी पेशींत, म्हणजे लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशी) आणि फायब्रोब्लास्टमध्ये (जोडऊतीच्या पेशी): त्यांच्या काही केंद्रकांत फिकट रंग हवाच. तो नसेल तर स्लाइड बाद.

सुरुवातीला कंट्रोल (रंग नीट आला का हे पडताळायची स्लाइड) म्हणून आम्ही भडक रंगणारी गाठ द्यायचो. ते चूक होते. अँटीबॉडी फार पातळ केली तरी अशी गाठ रंगते, फिकट केंद्रके मात्र हरवतात आणि सामान्य नमुनाही ‘कोरा’ वाचला जातो. आता टॉन्सिल देतो. अँटीबॉडी १:५०, १:१००, १:२००, १:४०० अशा मात्रांत पातळ करून लावून पाहावी. टॉन्सिलच्या जर्मिनल सेंटरमध्ये (लिम्फोसाइट वाढतात ते गोल भाग) आणि एपिथेलियमच्या (वरच्या आवरणाच्या) तळच्या थरात विखुरलेली केंद्रके स्पष्ट दिसतील आणि पार्श्वभूमी स्वच्छ राहील, ती मात्रा धरावी.

रिट्रीव्हल बफर (अँटीबॉडीला प्रथिन पकडता यावे म्हणून आधी स्लाइड ज्यात तापवतात ते द्रावण): १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात ट्रिस १.२१ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए ०.३७ ग्रॅम, पीएच ९.०, शेवटी ट्वीन-२० अर्धा मिली. स्लाइड ९५ ते ९८ अंशांवर २० मिनिटे, मग त्याच बफरमध्ये २० मिनिटे गार होऊ द्यायच्या. ट्रिसचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०३ने उतरतो. ४० अंशांच्या खोलीत ९.० केलेला बफर २५ अंशांवर ९.४ भरतो, म्हणून पीएच एसीत, २५ अंशांवरच लावावा. वॉश बफर (स्लाइड धुवायचे द्रावण) टिकावा म्हणून त्यात सोडियम अझाइड घालू नये. ते पेरॉक्सिडेज (रंग उमटवणारे एन्झाइम) बंद पाडते आणि डीएबीचा तपकिरी रंग येत नाही.

कापून ठेवलेल्या सेक्शनमध्ये (ऊतीच्या पातळ कापांमध्ये) पी५३चा रंग काही महिन्यांत उतरत जातो. म्हणून टॉन्सिलच्या स्लाइड आम्ही एका वेळी दहाच देतो, प्रत्येकीवर कापल्याची तारीख घालून.